मोतीबिंदू: ऑपरेशन कधी, कोणतं आणि भिंग कसं निवडायचं?

निरभ्र

आरोग्य विभागात मोतीबिंदूबद्दल सुटे प्रश्न सारखे येतात आणि त्यांची उत्तरं त्या त्या धाग्यात हरवून जातात. म्हणून हा स्वतंत्र धागा. मी नेत्रविभागाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम केलं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कुणाच्या डोळ्याचं निदान इथे करणार नाही. पण टेबलावर आडव्या झालेल्या माणसाच्या मनात काय काय चाललेलं असतं ते जवळून पाहिलंय. त्यातली अर्धी भीती आधी कुणी नीट बोललं असतं तर उरलीच नसती.

बाहुलीच्या बरोबर मागे एक पारदर्शक भिंग असतं, साधारण ९ ते १० मिलिमीटर व्यासाचं, एका अतिशय पातळ पिशवीत बसलेलं. प्रकाशाचे किरण वळवून डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर (रेटिनावर) आणण्याचं दोन तृतीयांश काम डोळ्याच्या पुढचा पारदर्शक भाग, म्हणजे कॉर्निया करतो आणि उरलेलं हे भिंग. भिंगाला रक्तवाहिन्या नसतात. त्याच्या आतले तंतू एकदा तयार झाले की बदलले जात नाहीत. आईच्या पोटात असताना बनलेली प्रथिनं ऐंशीव्या वर्षीही तिथेच असतात. वय, अतिनील किरण, धूम्रपान, रक्तातली वाढलेली साखर या सगळ्याचे घाव सोसत ती हळूहळू आपला आकार सोडतात, एकमेकांना चिकटतात, आणि सरळ पार जाणारा प्रकाश विखुरला जातो. म्हणजे मोतीबिंदू हा डोळ्यावर आलेला पडदा नव्हे. भिंगच गढूळ होतं. ते खरवडून साफ करता येत नाही, बदलावंच लागतं. आणि तो एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात पसरतही नाही; दोन्ही भिंगांचं वय एकच, म्हणून बहुधा दोन्हीकडे मागेपुढे दिसतो.

सगळे मोतीबिंदू सारखा त्रास देत नाहीत, हे घरच्यांनी समजून घेणं फार गरजेचं आहे. गाभ्यातला मोतीबिंदू सावकाश वाढतो. गाभा पिवळा, मग तपकिरी आणि कठीण होत जातो. यात भिंगाची ताकद वाढते, उणे नंबर चढतो, आणि सत्तरीतलं माणूस एके दिवशी चष्म्याशिवाय पेपर वाचायला लागतं. घरात आनंद होतो. ती खरं तर मोतीबिंदू पुढे सरकल्याची खूण असते आणि काही काळाने तीही सोय जाते. कडेचा मोतीबिंदू पांढऱ्या पाचरींसारखा बाहेरून आत येतो. त्यात समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे पसरतात. तिसरा भिंगाच्या अगदी मागच्या पृष्ठभागावर, पिशवीला लागून होतो. तो तुलनेने कमी वयातही होतो, विशेषतः दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांत आणि मधुमेहींत. भर उजेडात बाहुली आकसते आणि नेमका तो डाग वाटेत येतो. अशा माणसाला तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत तक्त्यावरची खालची ओळसुद्धा वाचता येते आणि बाहेर उन्हात समोरचा चेहरा ओळखता येत नाही. मग घरचे म्हणतात, "डॉक्टर तर म्हणाले नजर चांगली आहे!" तो माणूस खोटं बोलत नसतो. डॉक्टरांना "उजेडात दिसत नाही" हे शब्द सांगा. चकाकीची वेगळी तपासणी करता येते.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. "मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की काढू" हे वाक्य आता मागे सोडायला हवं. एके काळी त्याला अर्थ होता. तेव्हा पिशवीसकट सगळं भिंग काढत, आत दुसरं बसवायची सोय नव्हती, आणि नंतर आयुष्यभर दहा नंबरच्या आसपासचा जाड चष्मा लागे. त्यामुळे नजर पुरती मंदावल्याशिवाय ऑपरेशन करणं परवडत नसे. आज परिस्थिती उलट आहे. गाभा जितका कठीण, तितकी तो फोडायला जास्त ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा कॉर्नियाच्या आतल्या थराला सोसावी लागते. त्या थरातल्या पेशी मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. फारच थांबलं तर भिंग फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतं, किंवा त्यातली प्रथिनं झिरपून डोळ्याचा दाब वाढतो. डोळा लाल, तीव्र दुखणं, उलट्या, हे दिसलं तर तासांचा हिशेब असतो.

याचा अर्थ निदान झालं की पळत सुटा असाही नाही. तुमचं रोजचं काम, वाचन, जिना उतरणं, रात्री गाडी चालवणं नीट होत असेल तर थांबायला हरकत नसते. डॉक्टरांना मागचा पडदा तपासायला भिंग आड येत असेल, किंवा दाब वाढत असेल, तेव्हा मात्र त्रास नसतानाही काढावा लागतो. एरवी प्रश्न एकच: या नजरेमुळे माझं काय काय करायचं राहून जातंय? त्याचं उत्तर तक्त्यावर सापडत नाही, ते रुग्णानेच द्यायचं असतं.

ऑपरेशनच्या प्रकारांवर पुढच्या प्रतिसादात लिहिते, इथे फार लांबलं.

निरभ्र

तर प्रकार.

मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया फार जुनी. सुश्रुतसंहितेत गढूळ भिंग टोचून बाजूला ढकलण्याची पद्धत वर्णन केलेली आहे. भिंग डोळ्याच्या आतच राहायचं, फक्त वाटेतून हटायचं. भिंग बाहेर काढण्याची नियोजित शस्त्रक्रिया फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये केली. भिंगाच्या जागी दुसरं भिंग मात्र त्यानंतर दोनशे वर्षांनी आलं. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या काचेचे, खरं तर ॲक्रिलिक प्लास्टिकचे, तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले होते आणि ते तुकडे डोळ्याने शांतपणे सहन केलेले त्यांनी पाहिले होते. त्याच पदार्थाचं त्यांनी भिंग करून घेतलं. त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना बराच काळ विरोध केला. आज हे वाचताना मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर वाटतो.

सध्या प्रामुख्याने तीन नावं कानावर पडतात.

पहिली फेको. अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये सुरू केली. दातांवरचं कीटण काढणाऱ्या दंतवैद्याच्या श्राव्यातीत (कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या) यंत्रावरून त्यांना ती सुचली. कॉर्नियाच्या कडेला साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरची चीर देतात. पिशवीच्या पुढच्या भागात पाच-साडेपाच मिलिमीटरचं गोल तोंड उघडतात. आतला गाभा श्राव्यातीत कंपनांनी फोडून शोषून घेतात. पिशवी तशीच ठेवतात आणि घडी घातलेलं मऊ भिंग त्याच छोट्या चिरेतून आत सोडतात. ते पिशवीत जाऊन उलगडतं. टाका सहसा लागत नाही. सगळं सुरळीत असेल तर पंधरा-वीस मिनिटांचं काम.

दुसरी एसआयसीएस, म्हणजे लहान चिरेची हाताने करायची शस्त्रक्रिया. डोळ्याच्या पांढऱ्या भागात ६ ते ७ मिलिमीटरचा तिरका बोगदा करून गाभा अख्खा बाहेर काढतात. बोगद्याची रचना अशी की आतल्या दाबाने तो आपोआप मिटतो. इथेही बहुधा टाका नाही. "फेको आधुनिक आणि ही जुनी" असं ऐकून लोक हिरमुसतात, म्हणून मुद्दाम सांगते: २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेपाळमधल्या तुलनात्मक चाचणीत सहा महिन्यांनी दोन्ही गटांची नजर जवळजवळ सारखी होती. अगदी पांढरा किंवा दगडासारखा कठीण मोतीबिंदू असेल तर ही पद्धत कित्येकदा कॉर्नियाला जास्त सांभाळून घेते. फेकोत चष्म्याविना नजर थोडी लवकर आणि थोडी चांगली बसते, कारण चीर लहान असल्याने कॉर्नियाचा आकार कमी बदलतो. सर्जनचा हात कोणत्या पद्धतीत बसलेला आहे हे यंत्राच्या नावापेक्षा महत्त्वाचं.

तिसरी फेम्टोसेकंद लेझर. लेझर मोतीबिंदू "काढून टाकतो" असा समज आहे. तसं होत नाही. चिरा, पिशवीचं गोल तोंड आणि गाभ्याचे तुकडे एवढं लेझर करतो. पुढचं शोषून घेणं आणि भिंग बसवणं फेकोसारखंच. २०२० मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत साध्या फेकोपेक्षा त्याचा वरचढ फायदा दिसला नाही. काही विशिष्ट डोळ्यांत सर्जनला तो सोयीचा वाटतो, तेव्हा कारण विचारा. "लेझर आहे म्हणून चांगलं" हे कारण पुरेसं नाही.

या तिन्हींच्या आधीची दहा-बारा मिलिमीटर चिरेची, टाके घालायची पद्धत आता क्वचित, अवघड प्रसंगी वापरतात.

चौकस

निरभ्रताई, वाचनखूण साठवली. एक मूलभूत शंका. माझ्या काकांना "बिंदू आहे, ऑपरेशन केलं की दिसेल" असं नातेवाइकांनी सांगितलं. तपासल्यावर काचबिंदू निघाला. हे दोन्ही एकाच कुळातले का?

निरभ्र

नाही चौकस, आणि हा घोळ फार महागात पडतो. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं. ते बदललं की नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याच्या मागची नस मरत जाते, बहुधा डोळ्यातल्या दाबामुळे, आणि गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. उपचार उरलेली नजर टिकवण्यासाठी असतात. काचबिंदू बहुतेक वेळा न दुखता कडेची नजर खातो, त्यामुळे माणूस "मोतीबिंदूच असेल, पिकू दे" म्हणून घरी बसतो. पन्नाशीनंतर धूसर दिसायला लागलं तर घरी बसून ठरवू नका. दाब, नस आणि पडदा तिन्ही तपासून घ्या. काकांना दोन्ही एकत्रही असू शकतात, तसं असेल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन करतानाच दाबासाठीही काही करता येतं का, ते विचारा.

रानवाट

माझा अनुभव लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. माझ्या उजव्या डोळ्यात दूरचं-जवळचं दोन्ही दिसणारं मल्टिफोकल भिंग बसवलं. समुपदेशनाच्या खोलीत तीन माहितीपत्रकं समोर ठेवली, सगळ्यात वरचं "उत्तम", मधलं "चांगलं" आणि खालचं "साधं". मी दिवसातला कितीतरी वेळ गाडी चालवतो, तीही रात्री. ते कुणी विचारलं नाही. आता चष्म्याशिवाय मोबाइल वाचता येतो हे खरं, पण रात्री प्रत्येक दिव्याभोवती कडी दिसतात. डॉक्टर म्हणतात मेंदू सरावतो. काहीसा सरावला आहे, पूर्ण नाही. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहेच. तिथे काय करावं?

तिसरा प्रहर

रानवाट, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशनआधीची मोजमापं घेणं हे माझं रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आत बसवायच्या भिंगाचा नंबर कसा ठरतो ते आधी. डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी आणि कॉर्नियाची वक्रता मोजतात, त्यावरून सूत्रांनी भिंगाची ताकद काढतात. लांबी मोजण्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच ते तीन डायॉप्टरने चुकतो. म्हणून प्रकाशाने मोजणारं यंत्र असेल तर ते वापरतात. मोतीबिंदू फार दाट असेल तर प्रकाश पार जात नाही आणि ध्वनीने मोजावं लागतं. लवकर येण्याचा हाही एक फायदा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी मोजमापाआधी त्या बंद ठेवायच्या असतात, कारण त्या कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतात; किती दिवस ते लेन्सच्या प्रकारावर. आणि पूर्वी चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर केलं असेल तर ते न विसरता सांगा. नेहमीची सूत्रं अशा डोळ्यात चुकतात. "त्याला वीस वर्षं झाली" म्हणून लोक सांगत नाहीत आणि मग दूरचा नंबर उरतो.

आता भिंगं. मोनोफोकल एकाच अंतरावर फोकस करतं, बहुधा दूरवर. वाचायला चष्मा लागतो. चित्र मात्र सगळ्यात स्वच्छ मिळतं, अंधुक उजेडातही. मल्टिफोकल किंवा ट्रायफोकल आत आलेला प्रकाश दोन-तीन अंतरांत वाटून देतं. वाटलेला प्रकाश म्हणजे प्रत्येक अंतराला थोडा कमी, त्यामुळे उजेड-अंधारातला फरक ओळखणं जरा मंदावतं आणि दिव्याभोवती कडी येतात. यंत्र बिघडलं म्हणून हे होत नाही, भिंगाची रचनाच तशी असते. या दोघांच्या मधलं एक येतं, त्याला ईडॉफ म्हणतात: दूरचं आणि संगणकाच्या अंतराचं चांगलं, बारीक अक्षराला हलका चष्मा, कडी तुलनेने कमी. सिलिंड्रिकल नंबर (कॉर्नियाची गोलाई सगळीकडे सारखी नसल्याने येणारा) जास्त असेल तर टॉरिक भिंग. ते ठरलेल्या कोनात बसावं लागतं. एक अंश फिरलं तर सुमारे तीन टक्के परिणाम जातो आणि तीस अंश फिरलं तर सगळाच. म्हणून टॉरिकसाठी डोळ्यावर बसल्या स्थितीत खुणा करतात किंवा यंत्राने कोन जुळवतात.

आणखी एक मार्ग असतो, तो माहितीपत्रकात दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोनोफोकलच बसवायचं, पण एक दूरसाठी आणि दुसरं थोडं जवळसाठी. त्याला मोनोव्हिजन म्हणतात. सगळ्यांना मानवत नाही. आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून काही दिवस सराव करून पाहता येतो, ही त्याची मोठी सोय.

तुमच्या डाव्या डोळ्याबद्दल: उजव्यात मल्टिफोकल आहे म्हणून डाव्यातही तेच हवं, असा नियम नाही. रात्रीची गाडी हे तुमचं पोटापाण्याचं काम असेल तर डाव्यात दूरचं मोनोफोकल बसवून बरेच जण समाधानी होतात. पण आधी उजव्या डोळ्यात थोडा चष्म्याचा नंबर उरलाय का, डोळा कोरडा पडतोय का, हे तपासून घ्या. त्यामुळेही कडी वाढतात आणि त्यावर उपाय आहे. पडद्याचा किंवा नसेचा आजार असलेल्यांना मल्टिफोकल सहसा देऊच नये, हे इतरांसाठी.

निरभ्र

तिसरा प्रहर, मनापासून आभार. "उत्तम, चांगलं, साधं" अशी उतरंड लावणं मला फार खटकतं. ज्याला मोनोफोकल परवडतं त्याला आपण दुय्यम नजर घेतली असं आयुष्यभर वाटत राहतं, आणि ते सपशेल चूक आहे. थिएटरमध्ये आम्ही जे डॉक्टर स्वतः रुग्ण म्हणून पाहिले, त्यांच्यापैकी अनेकांनी मोनोफोकलच मागितलं होतं.

समुपदेशनाला जाताना एक कागद घेऊन जा. त्यावर आपल्या दिवसाची नोंद करा: कोणत्या अंतरावर किती वेळ, कोणत्या उजेडात. शिवणकाम, वाद्य वाजवताना समोर ठेवलेला कागद, फळ्यावर लिहिणं, संगणक, रात्रीचा रस्ता. वाचायला चष्मा लावण्याची मनापासून चीड आहे की सवय आहे, तेही लिहा. भिंगाची निवड या कागदापासून सुरू व्हावी.

जुई

बाबांचं ऑपरेशन ठरलंय. ते प्रोस्टेटची गोळी घेतात, रक्त पातळ करण्याचीही घेतात, आणि साखर आहे. डोळ्याच्या डॉक्टरांना हे सगळं सांगायला हवं का? बाबा म्हणतात, "डोळ्याचा आणि त्याचा काय संबंध!"

निरभ्र

जुई, संबंध आहे, आणि पहिल्या गोळीचा तर फार मोठा. टॅमसुलोसिनसारख्या औषधांनी बुबुळाचा स्नायू सैल पडतो. ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसते आणि बुबुळ लाटेसारखं हलत चिरेकडे धावतं. २००५ मध्ये हे पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं. गोळी बंद करूनही परिणाम राहतो, त्यामुळे स्वतःहून बंद करू नका, फक्त सांगा. सर्जनला आधी कळलं तर ते तयारीने उतरतात. पूर्वी कधी घेतली असेल, तरीही सांगा.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या थेंबांची भूल असेल तेव्हा बहुतेक वेळा चालूच ठेवतात. निर्णय मात्र डोळ्याच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांनी मिळून घ्यायचा, घरी नाही. साखरेसाठी पडदा तपासून घेणं अत्यावश्यक. पडद्यावर आधीच सूज किंवा रक्तस्राव असेल तर भिंग कितीही छान बसलं तरी नजर तेवढी येत नाही, आणि ही गोष्ट ऑपरेशनच्या आधी कळलेली बरी. साखर, रक्तदाब आवाक्यात आणून मगच तारीख घ्या.

दूरदेशी

मला भीती एकाच गोष्टीची आहे. डोळा उघडा, आपण जागे, आणि मधेच डोळा हलला किंवा शिंक आली तर?

पानगळ

दूरदेशी, माझी दोन्ही ऑपरेशनं झाली आहेत. आधी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, मग भुलेचे. डोळ्याभोवतीचा भाग तपकिरी औषधाने धुतात, ते गार लागतं. चेहऱ्यावर कापड येतं, फक्त तो डोळा उघडा. पापण्यांना छोटा चिमटा असतो त्यामुळे मिटायची धडपड करावी लागत नाही. समोर प्रखर दिवा. हत्यार दिसत नाही. रंग दिसतात, पाण्याखालून उजेड बघावा तसं. मधे एकदा दाब जाणवला, दुखलं नाही. यंत्राचा आवाज येत राहतो, डॉक्टर बोलत राहतात. दिव्याकडे बघत राहायचं, एवढंच आपलं काम.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर पांढरा रंग पाहून मी गप्प झाले. इतकी वर्षं मी पिवळट पांढऱ्यालाच पांढरा समजत होते. एका डोळ्याने निळसर, दुसऱ्याने पिवळं असं बरेच दिवस बघत बसायचे.

निरभ्र

पानगळ यांनी नेमकं लिहिलंय. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं तर मान न हलवता तोंडाने सांगायचं, "खोकला येतोय." सर्जन हत्यारं बाहेर घेतात, थांबतात. हे आम्हाला रोजचं असतं. सतत खोकला, कंप किंवा फार घाबरणं असेल तर डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन देऊन डोळा स्थिर करतात; लहान मुलांना आणि ज्यांना स्थिर पडणं शक्यच नाही त्यांना पूर्ण भूल. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर आधी सांगा, उशी आणि टेबलाची सोय करता येते.

ते तपकिरी औषध म्हणजे पोव्हिडोन आयोडीन. ऑपरेशननंतरच्या आतल्या संसर्गापासून वाचवणारी ती सगळ्यात भरवशाची पायरी आहे. त्याची ॲलर्जी असल्याची शंका असेल तर आधीच बोला.

अबोली

थोडं वेगळं. बहिणीच्या दीड महिन्याच्या बाळाच्या फोटोत एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसतेय. घरातले म्हणतात प्रकाश पडला असेल. मोतीबिंदू एवढ्या लहान बाळाला होतो का?

तिसरा प्रहर

अबोली, कृपया उद्याच नेत्रतज्ज्ञांकडे न्या, लहान मुलांचे असतील तर उत्तम. हो, जन्मतःही मोतीबिंदू असतो: आनुवंशिक, गरोदरपणातल्या रुबेलासारख्या संसर्गामुळे, काही चयापचयाच्या आजारांमुळे. मोठ्या माणसाला थांबता येतं, बाळाला नाही, कारण त्याचा मेंदू याच काळात बघायला शिकत असतो. स्पष्ट चित्र पोचलं नाही तर तो डोळा मेंदूच्या लेखी आळशी होतो आणि नंतर भिंग बदलूनही नजर येत नाही. एका डोळ्यातला दाट जन्मजात मोतीबिंदू साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास काढण्याचा प्रयत्न असतो, म्हणून घाई करतेय. शिवाय पांढऱ्या बाहुलीमागे पडद्याचा कर्करोगही असू शकतो. तो नाही ना हे बघणं तितकंच निकडीचं. घाबरवायचं नाही, पण फोटोवर विसंबून थांबू नका.

अबोली

उद्या सकाळची वेळ घेतली. धन्यवाद.

सावळी

आमच्या एका गटात मध-कांद्याच्या रसाचे थेंब आणि डोळ्यांचे व्यायाम करून मोतीबिंदू विरघळल्याचे अनुभव फिरताहेत. ऑपरेशन टाळता आलं तर बरंच ना?

निरभ्र

सावळी, टाळता आलं असतं तर मीच पहिली सांगितलं असतं. गढूळ झालेलं भिंग माणसाच्या डोळ्यात पुन्हा स्वच्छ करणारं सिद्ध झालेलं औषध, थेंब किंवा व्यायाम आज नाही. २०१५ मध्ये नेचर या नियतकालिकात लॅनोस्टेरॉल नावाच्या पदार्थाने सशांच्या भिंगांतला आणि कुत्र्यांच्या डोळ्यांतला गढूळपणा कमी झाल्याचा निबंध आला होता, त्यावरून खूप बातम्या झाल्या. माणसांसाठीचा उपचार त्यातून अजून उभा राहिलेला नाही. आणि घरी केलेले थेंब निर्जंतुक नसतात. कॉर्नियावर जंतूंचा व्रण झाला तर आधी बरी होणारी नजर कायमची जाऊ शकते. असे डोळे मी पाहिले आहेत, आणि ते विसरता येत नाहीत.

वेग थोडा कमी करण्यासाठी जे हातात आहे ते साधं आहे: तंबाखू-सिगारेट बंद, साखर ताब्यात, अतिनील किरण अडवणारा गॉगल, आणि स्टिरॉइडचे थेंब-गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय लांबवायच्या नाहीत. डोळे लाल झाले की जुनी बाटली काढून घालायची सवय तर ताबडतोब सोडा. त्यात स्टिरॉइड असेल तर मोतीबिंदू आणि काचबिंदू दोन्ही ओढवतात.

चौकस

ऑपरेशन बिघडण्याची शक्यता किती? कुणी स्पष्ट बोलत नाही.

निरभ्र

स्पष्टच बोलते. बहुसंख्य ऑपरेशनं नीट होतात. सगळ्यात भयंकर गुंतागुंत म्हणजे डोळ्याच्या आतला संसर्ग; तो हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात प्रतिजैविक सोडल्याने तो पुष्कळ कमी होतो, हे युरोपातल्या २००७ च्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. पिशवीचा मागचा पापुद्रा ऑपरेशनमध्ये फाटू शकतो. तो काही हजारांश मिलिमीटर जाड असतो. तसं झालं तर भिंग वेगळ्या जागी बसवावं लागतं, कधी दुसरं ऑपरेशन लागतं. पडद्याला सूज येऊ शकते, ती बहुधा थेंबांनी उतरते. पडदा सुटण्याचा धोका उणे नंबर मोठा असलेल्यांना जास्त.

म्हणून घरी आल्यावर काय सोसायचं आणि कशासाठी धावायचं ते पक्कं ठेवा. किंचित खुपणं, पाणी येणं, पहिले काही दिवस धूसर, हे चालतं. वाढत जाणारं दुखणं, वाढती लाली, आलेली नजर पुन्हा कमी होणं, वीज चमकल्यासारखं दिसणं, काळे ठिपके अचानक वाढणं, कडेने पडदा ओढल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी फोन करा. पुढच्या भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नका. थेंब घालण्याआधी हात धुणं, बाटलीचं टोक डोळ्याला न लावणं, डोळा न चोळणं, झोपताना कवच लावणं. बाकी वाकणं, वजन उचलणं, डोक्यावरून अंघोळ याबद्दल तुमचे डॉक्टर सांगतील तसं. चष्म्याचा नंबर चार ते सहा आठवड्यांनी, डोळा स्थिरावल्यावर काढतात; त्याआधी घाईने चष्मा करू नका.

पानगळ

एक शेवटचं विचारते. दोन वर्षं छान दिसत होतं, आता पहिल्या डोळ्याला पुन्हा तसाच धुरकटपणा. मोतीबिंदू परत आला का? भिंग खराब झालं?

निरभ्र

पानगळ, मोतीबिंदू परत येत नाही, कारण जे गढूळ होतं तेच काढून टाकलेलं असतं. आतलं कृत्रिम भिंगही आयुष्यभरासाठी असतं. बहुधा झालं असेल ते असं: ज्या पिशवीत भिंग ठेवलं, तिच्या मागच्या पापुद्र्यावर उरलेल्या पेशी पसरतात आणि तो धूसर होतो. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुष्कळांना हे होतं. बाहुली मोठी करून यॅग लेझरने त्या पापुद्र्याच्या मधोमध एक खिडकी करतात. चीर नाही, काही मिनिटांत होतं, आणि बहुतेकांना एकदाच करावं लागतं. मात्र आधी पडदा आणि दाब तपासून घ्या, कारण धूसरपणा दुसऱ्या कशानेही येऊ शकतो. लेझरनंतर काही ठिपके तरंगताना दिसतील, ते कमी होत जातात. वीज चमकली किंवा ठिपक्यांचा पाऊस पडला तर वर लिहिलंय तसं, लगेच फोन.

तपासून आलात की इथे लिहा.